मशीनकडे नको, किसाकडे बघ

गोव्यात लोखंड कायमचं नसतं. वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस, आणि ज्या महिन्यांना कोरडे म्हणायचं त्यांत समुद्रावरचा खारा वारा. गेटची बिजागरी, खिडकीचं ग्रिल, पन्हळीचे हुक, विहिरीवरचा अँगल, अंगणातल्या पावसाळी पत्र्यांची चौकट, यातलं काही ना काही दरवर्षी चवथीच्या आधी बदलावंच लागतं. बदलायचं म्हणजे कापायचं, जोडायचं आणि भोकं पाडायची. कापणारा मिळतो, वेल्डरही मिळतो. नुसत्या दोन भोकांसाठी मात्र कोणी येत नाही. ‘एवढंच ना, ठेवा, बघतो’ म्हणतात आणि चवथ होऊन जाते.

म्हणून मी ते काम माझ्याकडे घेतलं. आमच्या फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरात आता लोखंडाला, पितळेला, बिनगंजी पोलादाला भोक पाडायचं असलं की मला हाक मारतात. सुरुवातीला घरच्यांना काळजी वाटायची. बाईमाणूस गुडघ्यापाशी उघडं पातं घेऊन आदोळीवर तासभर नारळ खवतं तेव्हा कोणाला काही वाटत नाही. हातात ड्रिल मशीन दिसलं की सगळे ‘सांभाळ गो’ म्हणायला धावतात.

शिकवलं मामांनी. मामा बार्जदुरुस्तीच्या यार्डात फिटर होते. सांखळी-डिचोली भागातलं खनिज मांडवी-जुवारीतून मुरगावच्या बंदरात नेणाऱ्या बार्जींचा तो काळ. 2012 साली खाणी बंद झाल्या आणि नदीतली ती वर्दळ थांबली. मामा त्याआधीच निवृत्त झाले होते. बार्ज म्हणजे आयुष्यभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलेलं लोखंड. त्याच्याशी ज्याचा रोज संबंध आला, त्याला धातू ओळखायला फार वेळ लागत नाही. ते आधी कानस घासून बघतात. कानस चावली तर ठीक, सरकली तर म्हणतात, ‘ह्याला तुझा बिट लागणार नाही, उगाच घाम गाळू नको.’ बिट म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायची, भोक पाडणारी पिळाची सळी. ही परीक्षा मी अजूनही करते. एखाद्या जुन्या मशीनची पिन किंवा स्प्रिंगची पट्टी असली तर ती कडक केलेली असते, आणि तिच्यावर चांगला बिटसुद्धा क्षणात बोथट होतो.

बाजारात मात्र सुरुवात उलट्या टोकाने होते. फोंड्याला काय किंवा म्हापशाला काय, हार्डवेअरच्या दुकानात ‘लोखंडाचा बिट द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा सोनेरी बिटांचा डबाच समोर येतो. एक मिलिमीटरपासून दहापर्यंत सगळी मापं, आणि सगळ्यांची मिळून किंमत एका चांगल्या बिटाएवढी. दिसतात मात्र दागिन्यांसारखे, आणि तिथेच माणूस फसतो.

तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. खरोखरीचा असेल तर तो काही मायक्रॉन जाडीचा अतिशय कठीण थर असतो. त्याने घर्षण कमी होतं, धार जास्त टिकते. पण थर तो थरच. खालचं पोलाद हलकं असेल तर वरचं सोनं त्याला तारत नाही, आणि एकदा धार लावली की टोकावरून तो निघूनच जातो. कोबाल्टच्या बिटाचं तसं नसतं. तिथे कोबाल्ट पोलादातच मिसळलेला असतो, एम35 या जातीत साधारण 5 टक्के आणि एम42 मध्ये 8 टक्के, त्यामुळे कितीदाही धार लावली तरी गुण तोच राहतो. गंमत म्हणजे कोबाल्टचे बिटही पुष्कळदा फिकट सोनेरी झाक मारतात. रंगावरून खरेदी करणाऱ्याला दोन्ही सारखेच. मी दांड्यावर काय कोरलंय ते वाचते: माप, ‘एचएसएस’ (म्हणजे हायस्पीड स्टील) किंवा ‘एचएसएस-कोबाल्ट’, आणि बनवणाऱ्याचं नाव. दांडा कोरा असेल तर बिट परत डब्यात. अॅडिसन, मिरांडा, टोटेम अशी आपल्याकडची नावं मामांच्या तोंडात असतात, आणि ते सुटा बिट कागदात गुंडाळून आणतात, डबा नव्हे.

साध्या घरकामाला साधा एचएसएस पुरे. हायस्पीड स्टील हे नाव आज जुनाट वाटतं, पण 1900 च्या आसपास ते खळबळजनक होतं. त्याआधीच्या कार्बन पोलादाच्या हत्याराची धार दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर गेली की उतरायची. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये टेलर आणि व्हाइट या दोघांनी टंगस्टन-क्रोमियमच्या पोलादाला वितळण्याच्या जवळ नेणारी उष्णता देऊन पाहिली, आणि असं हत्यार टोकाला लाल झालं तरी कापत राहिलं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं. आज आपण घेतो त्या एम2 जातीच्या बिटात साधारण 6 टक्के टंगस्टन, 5 टक्के मॉलिब्डेनम, 4 टक्के क्रोमियम आणि 2 टक्के व्हॅनेडियम असतं. एवढी सामग्री ज्यात आहे तो बिट चहाच्या किमतीत कसा मिळेल, हा साधा प्रश्न दुकानात स्वतःला विचारावा.

काळ्या रंगाचे बिट आमच्याकडे जास्त टिकतात, असं माझं मत आहे. तो काळेपणा म्हणजे वाफेने आणलेला ऑक्साइडचा पातळ थर. तो तेल धरून ठेवतो आणि गंज थोडा लांबवतो. जून महिन्यात पेटीतला चकचकीत बिट आपोआप तांबूस होतो, त्या हवेत हाही गुण मोठा.

आता बिटाच्या टोकाकडे या. लोकांना वाटतं बिट टोकाने भोसकतो. तो भोसकत नाही, कापतो, आणि कापतो ते टोकाने नव्हे तर टोकापासून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोन ओठांनी. त्या दोन धारा म्हणजे आदोळीची दोन पाती समजा. मधे त्यांना जोडणारी जी आडवी रेघ असते ती पात्याची पाठ. ती कापत नाही, धातूला नुसती ढकलून बाजूला सारते. अगदी केंद्रबिंदूवर तर फिरण्याचा वेगच शून्य. हाताला जो जोर लावावा लागतो, त्यातला निम्म्याहून अधिक या छोट्याशा रेघेपायी जातो. हे एकदा कळलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. बिट सुरुवातीला घसरून इकडे तिकडे का नाचतो? ती रेघ टोकदार नसते म्हणून. पंच, म्हणजे हातोडीने ठोकायची टोकदार सळी, आधी का मारायचा? रेघेला बसायला खळगा मिळावा म्हणून. आधी बारीक भोक का पाडायचं? मोठ्या बिटाच्या रेघेला काम उरू नये म्हणून.

पण बारीक भोक म्हणजे किती बारीक, यात बरेच जण चुकतात. 10 मिमीचं भोक हवं तर 3 मिमीचं पायलट पाडायचं आणि मग थेट 10. पायलट रेघेच्या रुंदीपेक्षा थोडंसं मोठं असलं की झालं. चार, सहा, आठ, मग दहा असे जिने चढत गेलं की प्रत्येक पुढच्या बिटाला फक्त कडेची पातळ कातर उरते. ओठांचे कोपरे झिजतात आणि बिट भोकात अडकून मशीनच हातातून फिरतं. मामांना असं जिने चढणारं कोणी दिसलं की ते जवळचा चहा उचलून आत निघून जातात.

टोकाचा कोन हाही विकत घेतानाच बघायचा. साधा बिट 118 अंशांचा असतो, मऊ लोखंडाला, पितळेला, अॅल्युमिनियमला बरा. कठीण आणि चिवट धातूला 135 अंशांचा, आणि त्यात ‘स्प्लिट पॉइंट’ केलेला. म्हणजे मधली ती आडवी रेघ दोन्ही बाजूंनी घासून जवळजवळ संपवलेली असते. असा बिट नाचत नाही, जोर कमी मागतो. दुकानात उजेडाकडे धरून टोक बघा: मधे साधी रेघ दिसली तर 118 वाला, चार बारीक धारा एकत्र आलेल्या दिसल्या तर स्प्लिट. दुकानदार उतावीळ झाला तर होऊ दे.

पिळाचा हा बिट फार जुना नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्सने त्याचं पेटंट 1863 मध्ये घेतलं. त्याआधी लोहार पोलादी सळीचं टोक चपटं ठोकून भाल्याच्या पात्यासारखं करायचा आणि त्याने भोक पाडायचं. भोक पडायचं, पण कापलेल्या धातूचा कीस बाहेर यायला वाट नसायची. सारखं थांबून काढावं लागायचं. मोर्सच्या पिळाने कीस स्वतःच्या अंगावरून वर आणला. बिटाचं खरं कौतुक त्या खाचांचं आहे. त्या भरल्या की काम थांबतं, मग मशीन कितीही महागाचं असो.

आता वेगाबद्दल, कारण घरोघरी बिट मरतात ते बहुतेक यामुळे. भिंतीसाठी घेतलेलं साधं इम्पॅक्ट मशीन ट्रिगर पूर्ण दाबल्यावर मिनिटाला जवळपास 3000 फेरे घेतं. त्यात 10 मिमीचा बिट लावला तर त्याची कड मिनिटाला 94 मीटर धावते. एचएसएसला साध्या लोखंडात झेपतात 25 ते 30 मीटर, बिनगंजी पोलादात 10 ते 15. म्हणजे तिप्पट ते नऊपट. कापणाऱ्या मीटरना 320 ने गुणा, बिटाच्या मिलिमीटरने भागा, मिनिटाचे फेरे येतात. साध्या लोखंडाला 25 मीटर धरून 6 मिमीला साधारण 1300, 10 मिमीला 800. स्टेनलेसला 12 मीटर धरलं तर 6 मिमीला 640, 10 मिमीला चारशेसुद्धा नाहीत. मामांनी ही आकडेमोड कधी कागदावर केली नसेल. ते म्हणायचे, ‘बिटाच्या खाचा फिरताना दिसल्या पाहिजेत.’ मोठ्या बिटांना हे अगदी लागू पडतं.

मशीनवरचं हातोडीचं चिन्ह बंद असलं पाहिजे, हे सांगायला नको खरं, तरी सांगते. आणि भिंतीचा बिट लोखंडाला लावायचा नाही. त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा डाख दिलेला असतो, पण त्याचा कोन ठोकून दगड फोडायला केलेला आहे. लोखंडावर तो तापतो, डाख सुटतो, तुकडा उडतो.

स्टेनलेसवर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माटोळीमुळे त्याच्याशी माझा निवांत परिचय झाला.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही जी लाकडी चौकट टांगतो ती माटोळी. तिला नारळाची पेंड, सुपारीचे घड, चिबूड, तोरिंजन, रानातल्या घागऱ्या, कांगले, जे जे मिळेल ते बांधायचं. ओली फळं, ओले नारळ, वजन चांगलंच होतं. आमच्या चौकातल्या तुळईला जुने लोखंडी हुक होते, आणि ते इतके खाल्ले गेले होते की सासूबाई दरवर्षी गणपतीपेक्षा हुकांकडे बघून हात जोडायच्या. ठरलं असं की लाकडी माटोळी तशीच ठेवायची, ती परंपरा, पण वर तुळईला स्टेनलेसच्या जाड पट्ट्या आणि त्यांतून बोल्ट. पट्टी 5 मिमी जाड, बोल्ट एम8, म्हणजे 8 मिमीचा, म्हणून भोकं 9 मिमीची.

बिनगंजी पोलाद म्हणून जे विकलं जातं त्यात 304 हे नेहमीचं: 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. समुद्राला अगदी लागून घर असेल तर 316 बरं, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते जास्त तोंड देतं. 202 हे त्यातलं स्वस्त, निकेल कमी आणि मँगनीज जास्त. आमच्या हवेत ते लवकर डाग पाडतं. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं सांगणारे भेटतात. येत नाही, कारण 304 आणि 202 दोघांनाही चुंबक चिकटत नाही.

या पोलादाचा स्वभाव असा की ताणलं, दाबलं, घासलं की ते तिथल्या तिथे कठीण होतं. आतली कणांची मांडणीच बदलते. म्हणून तर 304 च्या पट्टीला चुंबक चिकटत नाही, पण तिच्यातून निघालेल्या किसाला थोडासा चिकटतो. मला हे फार आवडतं. एकच धातू, पट्टीत एक आणि चुऱ्यात दुसरा.

भोक पाडणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: बिट तिथे एक क्षणही नुसता घासायचा नाही. घासला की खालचा थर कडक झाला, आणि मग तो बिटालाच घासतो. माणूस स्वाभाविकपणे उलट करतो. धातू कठीण वाटतो म्हणून हलका हात ठेवतो आणि वेग वाढवतो. स्टेनलेसमध्ये दोन्ही गोष्टी घात करतात. हळू फिरवायचं आणि दाबून धरायचं. पंचसुद्धा हलकाच मारायचा, कारण जोराचा घाव बसला की तीच जागा कडक होते. किंचाळल्यासारखा आवाज आला की समजावं, कापणं थांबून घासणं सुरू झालंय; त्या क्षणी बिट उचलायचा. भोकात फिरता ठेवून विचार करत बसायचं नाही. एखादी जागा आरशासारखी चकाकायला लागली तर तिथे हट्ट करण्यात अर्थ नसतो. पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने यावं, तेही ताज्या धारेच्या कोबाल्ट बिटाने.

‘जोर दे गो, अंग टाक,’ मामा मागून सांगत होते. ‘मशीनकडे नको बघू, किसाकडे बघ.’

त्यांच्या या सांगण्यात सगळं आलं. दोन्ही खाचांतून सारख्या लांबीच्या, सलग कुरळ्या बटा वर येत असतील तर बिट धारदार, दाब बरोबर, वेग बरोबर. एकाच खाचेतून बट येत असेल तर दोन ओठ सारखे नाहीत, आणि भोक मापापेक्षा मोठं होणार. पोलादातून बटेऐवजी पूड पडायला लागली तर बिट बोथट आहे किंवा हात घाबरतोय. बट चंदेरी किंवा फिकट पिवळी असेल तर ठीक, निळी पडली तर तापतंय, वेग कमी करा. हे सगळं त्या क्षणी समोर दिसत असतं. मशीनवरचा कुठलाच आकडा इतकं सांगत नाही. मी बघितलेले बहुतेक लोक मात्र मशीनच्या मागच्या बाजूला डोळे लावून, दात-ओठ खाऊन ढकलत असतात, आणि कीस पायाशी पडून ओरडत असतो.

ट्रिगर अर्धा दाबून फार वेळ हळू चालवलं तर छोटं मशीन तापतं, कारण आतला पंखाही हळूच फिरतो. दोन गिअरचं मशीन असेल तर खालचा गिअर लावावा, जोर राहतो. नसेल तर एक भोक झालं की ते बिनभार पूर्ण वेगाने थोडा वेळ फिरवून गार करावं. तेल तर हवंच. यार्डात पाण्यात मिसळलेलं दुधासारखं पांढरं कुलंट असायचं. घरी कटिंग ऑइलची बाटली पुरते. हाताशी काही नसेल तर खोबरेलही चालतं. आमच्याकडे त्याची कमतरता नाही, आणि तापल्यावर येणारा वास इतर तेलांपेक्षा कितीतरी सुसह्य. फक्त तेल आधी घालायचं, धूर आल्यावर नव्हे.

पट्ट्या झाल्यावर एक काम मामांनी मुद्दाम करून घेतलं. त्याच टेबलावर आधी साधा अँगल कापला होता, त्याचा चुरा पट्टीवर बसला होता. तो पुसून, ब्रशने झाडून, पाण्याने धुऊन काढायला लावला. साध्या लोखंडाचा कण स्टेनलेसवर राहिला की तो पहिल्या पावसात गंजतो आणि डाग पट्टीवर उठतो. मग लोक म्हणतात, दुकानदाराने फसवलं. बोल्टही स्टेनलेसचेच होते, तर त्यांच्या आट्यांना ग्रीस लावलं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला की ते दोघे एकमेकांना चावून असे बसतात की पुन्हा सुटत नाहीत.

बाकीच्या धातूंचं थोडक्यात. बीड म्हणजे कास्ट आयर्न, जुन्या शिवणयंत्राच्या पायांत सापडतं. ते कोरडंच कापायचं, त्यात ग्राफाइट असतं, आणि त्याची पूडच पडते. तिथे पूड म्हणजे बिट बोथट नव्हे. पितळ दिसायला गरीब, पण धारदार बिट त्यात स्वतःहून घुसतो आणि वस्तू हिसकावून घेतो. समईचा दांडा दुरुस्त करताना मामांनी बिटाच्या दोन्ही ओठांवरून तेलदगड सरळ फिरवून धारेचा पुढे झुकलेला कोन थोडा मारून टाकला. मग तो शहाण्यासारखा कापू लागला. असा बिट वेगळा ठेवायचा, तो पुन्हा पोलादाला कामाचा नाही. अॅल्युमिनियम वेग सोसतं, पण चिकट. खाचांत लोण्यासारखं बसतं, सारखा बिट वर काढून कीस झाडावा लागतो. जस्ताच्या पत्र्याला भोक पाडलं की तिथली जस्ताची चामडी गेली. त्या उघड्या कडेला जस्ताचं प्रायमर लावल्याशिवाय आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर काम पूर्ण झालं म्हणू नये.

आटे पाडायचे तर भोक बोल्टच्या मापाचं नसतं, त्यातून आट्याचं अंतर वजा करायचं. एम6 चं अंतर 1 मिमी, म्हणून 5 मिमीचा बिट. एम8 चं सव्वा, म्हणून 6.8. एम10 चं दीड, म्हणून 8.5. ही विचित्र मापं डब्यात नसतात. म्हणूनही मी सुटे बिट घेते. माझ्या पेटीत 3.3, 4.2, 5, 6.8, 8.5 आणि पायलटसाठी 3 चे चार-पाच, एवढं नेहमी असतं. बाकी लागेल तसं. बारीक बिट मोडतातच, त्याचं दुःख करू नये.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. चष्मा लावायचा. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, फिरत्या बिटात मोज्याचं टोक गेलं की बोट मागोमाग जातं. ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र, सैल बाही, सगळं आधी बांधायचं किंवा काढायचं. आणि वस्तू कधीही हाताने धरायची नाही. भोक आरपार होताना शेवटच्या क्षणी बिट कडेत अडकतो आणि पट्टी पात्यासारखी फिरते. क्लॅम्प नसेल तर काम उद्यावर टाकावं. आमच्याकडे लोक व्हरांड्यात अनवाणी वावरतात, तेव्हा कीस झाडून काढणं हाही कामाचाच भाग आहे. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला तर लोखंडाचा चुरा पिशवीबाहेर चिकटतो, पिशवी उलटी केली की सगळा तिच्यात. स्टेनलेसचा असा नीट येत नाही, तो झाडूनेच.

धार लावणं मला अजून मामांसारखं जमत नाही आणि त्याची मला घाईही नाही. ते ग्राइंडरसमोर उभे राहतात, बिटाचा ओठ दगडाला समांतर टेकवतात आणि शेपटी हळूच खाली नेत मनगट किंचित वळवतात, बस. दोन्ही ओठ सारख्या लांबीचे, सारख्या कोनाचे, आणि धारेच्या मागची बाजू आठ ते बारा अंश खाली उतरलेली. ती उतरली नसेल तर धार कितीही तीक्ष्ण असो, मागची टाच घासते आणि बिट आत जातच नाही. तापलेला एचएसएस ते पाण्यात बुडवत नाहीत, बारीक चिरा पडतात, हवेतच धरतात. मी अजून गेज लावून मापते. मामा पाडलेल्या पहिल्या भोकाचा कीस बघतात.

पातळ पत्र्याला यातला कुठलाच बिट नको. पत्र्यात साध्या बिटाचं टोक आरपार जातं तेव्हा ओठ अजून धातूत पूर्ण बसलेलेही नसतात. धरायला काही नाही म्हणून भोक गोल न होता तीन कोनांचं होतं. पत्र्याला पायऱ्यांचा शंकू, म्हणजे स्टेप बिट. एकच बिट, 4 पासून 20 मिमीपर्यंत दर पायरीला एक माप, भोक गोल, आणि पुढची पायरी हलकेच टेकवली की कडेची बर, म्हणजे उरलेली खरबरीत कोर, तीही निघते.

हा स्टेप बिट माझ्या घरातली सर्वांत जास्त उसनी जाणारी वस्तू आहे. दिवाळीच्या आधी वाड्यावरची मुलं नरकासुर उभा करतात. आता नरकासुर नुसता गवताचा नसतो. अँगलचा सांगाडा, वायपरची मोटर, मान फिरते, तलवारीचा हात वरखाली होतो. मोटरीच्या पत्र्याच्या बैठकीला भोकं लागतात म्हणून बिट नेतात, आणि मग तोच बिट हाताच्या सांध्यातल्या कडक पिनेला लावून बघतात. परत येतो तेव्हा मधल्या पायऱ्यांची धार गेलेली असते आणि सोबत लाडू असतात.

आता मी बिट देत नाही. अँगल आणि पत्रे इथे घेऊन यायला सांगते. पंच मारून आणायचा आणि मापं खडूने लिहून आणायची, एवढी अट. यंदा मापं लिहून आणली, पण इंचात.